माप, बेत आणि माया

'माप घेणे' आणि 'माप काढणे' हे मराठीतील दोन वाक्प्रयोग वरवर पाहता सारखेच वाटतात. पहिला शिंप्याच्या व्यवसायातला आहे. दुसरा बोलीत पाणउतारा करणे, लायकी दाखवून देणे या अर्थाने वापरला जातो. भरल्या अंगाच्या स्त्रीच्या अनुभवात मात्र हे दोन अर्थ अनेकदा एकाच क्षणी एकत्र येतात. शिंप्याच्या दुकानात तिचे माप घेतले जात असते तेव्हाच ते काढलेही जात असते. आकडा मोठ्याने उच्चारला जातो, 'कापड जास्त लागेल' असे सांगितले जाते आणि शिवून आलेला झंपर काखेत काचला, तर दुकानदार कापडाकडे न पाहता तिच्याकडे पाहतो.

अशा स्त्रीला स्वतःचे कपडे स्वतः शिवता येऊ लागले की तिचा आत्मविश्वास वाढतो, असे अलीकडे वारंवार म्हटले जाते. हे विधान गृहोपयोगी सल्ला म्हणून बाजूला सारण्याजोगे नाही. त्याच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे. देह आणि वस्त्र यांचे जुळत नाही तेव्हा न्यून कोणाच्या ठिकाणी मानायचे, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा? सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील वस्त्रव्यवहार डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भाषेकडे वळू. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण मितव्ययाची म्हणून आपण शिकवतो. तिच्या रूपकाची रचना मात्र लक्षणीय आहे. तीत कापड स्थिर आहे आणि देहाने आखडून घ्यायचे आहे. 'मी यात मावत नाही' या वाक्याची घडणही तीच. येथे कर्ता देह आहे, म्हणून अपयशही देहाचे ठरते. याउलट 'हे मला होत नाही' किंवा मालवणीतले 'ह्यो झंपर माका होणा नाय' या वाक्यात कर्तेपण वस्त्राकडे जाते आणि जुळण्याची जबाबदारीही त्याच्यावर पडते. बोलणाऱ्या स्त्रीला या भेदाची जाणीव असतेच असे नाही. तरीही पहिल्या वाक्याकडून दुसऱ्या वाक्याकडे जाणे हा एक वैचारिक प्रवास आहे, आणि शिवणकाम त्याला कारण होऊ शकते, असे मला वाटते.

देहवाचक शब्दांचाही येथे विचार करायला हवा. 'खात्यापित्या घरची', 'अंगाने भरलेली', 'थोराड' हे शब्द निर्दोष नाहीत. 'खात्यापित्या' या विशेषणात वर्गाचा अभिमान आहे, 'थोराड'मध्ये वय दिसण्याची तक्रार आहे. तथापि या शब्दांना संख्या चिकटलेली नाही. 'फिगर' हा शब्द मराठी घरांत रुळला तेव्हा वर्णनाची जागा आकड्याने घेतली. इंग्रजीत त्याच शब्दाचा एक अर्थ आकडा असा आहे, हा योगायोग मासलेवाईक आहे. आकड्याला संदर्भ लागत नाही. तो कोणाशीही ताडून पाहता येतो, आणि ताडून पाहता येते ते लवकरच लाजेचे कारण होते.

हा बदल वस्त्राच्या रचनेशी निगडित आहे. नऊवारी लुगडे हे न शिवलेले वस्त्र आहे. ते कोणत्याही अंगाला नेसता येते, कारण त्याचा आकार नेसण्याच्या कृतीत ठरतो. निऱ्या कमीजास्त होतात, काष्टा सैल वा घट्ट होतो. चोळी शिवलेली असते खरी, पण तिची पुढची टोके गाठीने बांधली जात, आणि बाळंतपणानंतर वा वयाप्रमाणे देहात पडणारा फरक काही अंशी त्या गाठीत सामावून जाई. हुकांच्या झंपराने ही सोय संपवली. हुक आणि काज यांच्यामधले अंतर ठरलेले असते. गाठ देहाशी तडजोड करते, हुक करत नाही. सहावारी साडीखाली झंपर आला तेव्हापासून संपूर्ण पेहरावातील 'बसण्या-न बसण्या'चा सगळा ताण छाती, काख आणि दंड या वीतभर प्रदेशात एकवटला. गाऊन आणि पंजाबी ड्रेस तयार मिळू लागले तेव्हा तो सर्वांगावर पसरला.

सिंधुदुर्ग हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. मुंबईच्या गिरण्यांकडे पुरुषांचे जे स्थलांतर झाले त्याची खूण येथील लोकसंख्येच्या रचनेवर अजून आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. घर, शेत आणि मासळीचा बाजार चालवणारी स्त्री गावी, आणि कापड आणणारा चाकरमानी मुंबईत, अशी ही व्यवस्था होती. चतुर्थीला येणाऱ्या ट्रंकेत साडी आणि न कापलेला 'पीस' असे, तोवर अंदाज चुकण्याचा प्रश्न नव्हता. तयार कपडा येऊ लागला तेव्हा मात्र दूरच्या माणसाने मनात धरलेले तिचे रूप आणि तिचा प्रत्यक्ष देह यांच्यातील तफावत कपड्याच्या पट्टीवर छापून येऊ लागली. आणलेला कपडा घट्ट झाला की आणणाऱ्याचा अंदाज चुकला असे क्वचितच म्हटले जाते. 'तू जाड झालीस' असे म्हणणे सोपे पडते.

आता 'माप' या संकल्पनेकडे येऊ. भारतीय शिल्पशास्त्रात या बाबतीत एक मार्मिक भेद केलेला आहे. 'मानसार'सारख्या ग्रंथांत अंगुल या मापाचे प्रकार सांगितले आहेत. 'मानांगुल' हे बाहेरून ठरलेले, सर्वत्र समान असे परिमाण. 'मात्रांगुल' कर्त्याच्या वा यजमानाच्या बोटावरून घेतलेले. 'देहलब्धांगुल' मात्र ज्या मूर्तीचे प्रमाण ठरवायचे तिच्याच उंचीच्या विभागणीतून लाभलेले. म्हणजे मूर्ती कोणत्या मापाने मोजायची हे मूर्तीचाच देह सांगतो. अर्थात शिल्पशास्त्रातही आदर्श प्रमाणांचा आग्रह आहेच आणि देहलब्धांगुलाने तो नाहीसा होत नाही. परंतु परिमाण देहाबाहेरचे असावे की देहातून निघावे, हा प्रश्न आपल्या परंपरेला सुचला होता आणि त्यासाठी तिने स्वतंत्र संज्ञा घडवली होती, एवढे आपल्या विवेचनाला पुरेसे आहे.

आधुनिक तयार कपड्यांचा उद्योग मानांगुलावर उभा आहे. त्याची वैचारिक मुळे १८३५ मध्ये बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले याने मांडलेल्या 'सरासरी मनुष्या'च्या कल्पनेपर्यंत मागे नेता येतात. सरासरी हे मुळात वर्णन. त्याचा आदर्श झाला की व्यक्ती ही सरासरीपासूनची च्युती ठरते. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारी पातळीवर सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेण्यात आली. अहवालात श्वेतवर्णीय स्त्रियांचीच मापे धरली गेली आणि पुढे १९५८ च्या तेथील प्रमाणित मापांना तोच आधार झाला. १९४५ मध्ये क्लीव्हलंड शहरात 'नॉर्मा' नावाच्या सरासरी स्त्रीच्या पुतळ्याशी जुळणारी स्त्री शोधण्याची स्पर्धा झाली. ३,८६४ स्त्रियांनी आपली मापे पाठवली, आणि नऊच्या नऊ मापांत पुतळ्याशी जुळणारी एकही निघाली नाही. सर्वांची म्हणून घडवलेली मूर्ती प्रत्यक्षात कोणाचीच नव्हती. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत २५,००० व्यक्तींची मापे घेण्याचा प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर केला, तोपर्यंत भारतीय देहांसाठी स्वतंत्र प्रमाणित तक्ता नव्हता. म्हणजे देवगडच्या वा वेंगुर्ल्याच्या बाजारात टांगलेल्या गाऊनवरील अक्षर हे तेथील स्त्रीविषयी काही सांगते असे समजण्याला फारसा आधार नव्हता.

याला शिवणशास्त्र हा पर्याय आहे असे म्हणावे, तर तेथेही मानांगुल आहेच. मापाची फीत प्रचारात आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील शिंप्यांमध्ये दोन पद्धतींचा वाद सुरू झाला. छातीच्या एका मापावरून इतर सर्व मापे अपूर्णांकांनी काढावीत, की प्रत्येक अवयवाचे माप प्रत्यक्ष घ्यावे? आपल्याकडच्या शिवण वर्गांत दोन्हींचे मिश्रण रूढ आहे. ज्यांचे 'झारापकर सिस्टीम ऑफ कटिंग' हे पुस्तक शिवण शिकणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उराशी धरले, त्या के. आर. झारापकरांच्या आडनावात कुडाळ तालुक्यातील झाराप हे गाव आहे. या किनाऱ्याच्या नावाचा शिवणशास्त्रावर असा ठसा आहे, आणि म्हणूनच येथे हा प्रश्न परका वाटू नये.

छातीवरून कापण्याच्या पद्धतीचा हिशेब साधा आहे. समजा, मुंढ्याची खोली छातीच्या षष्ठांशावरून काढायची आहे. ३६ इंच छातीला ती ६ इंच येते, ४८ इंच छातीला ८ इंच. पण छाती भरली म्हणून खांद्याचे हाड त्या प्रमाणात रुंदावत नाही, की काख दोन इंच खाली सरकत नाही. परिणामी मुंढा खाली उतरतो, हात वर केला की सगळा झंपर वर चढतो, गळा खांद्यावरून घसरतो, पाठीला चोळामोळा होतो आणि समोर हुकांमध्ये फट पडते. ही सर्व लक्षणे अंगावर दिसतात, म्हणून ती अंगाची समजली जातात. वास्तविक ती एका अपूर्णांकाची आहेत. हा हिशेब मध्यम बांध्याला चालतो, म्हणून तेथे तो दिसत नाही. भरल्या अंगाला तो चालत नाही, म्हणून तेथे तो उघडा पडतो. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, 'अडचणीचा' देह हाच पद्धतीची परीक्षा घेणारा देह असतो.

स्वतः शिवू लागलेल्या स्त्रीला हे ज्ञान कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. ती वर्तमानपत्राच्या कागदावर आकृती काढते, जुन्या साडीच्या तुकड्यावर ती कापून पाहते, धावदोरा घालून अंगावर चढवते. काचले तर उसवते. पुढचे आणि मागचे माप वेगळे घ्यायला हवे, टक्स अधिक खोल हवा, कटोरी मोठी हवी पण खांदा आहे तेवढाच ठेवायला हवा, असे एकेक निष्कर्ष तिच्या हाती लागतात. 'बेतणे' या मराठी क्रियापदात कापड कापणे आणि योजना करणे हे दोन्ही अर्थ आहेत. आपल्या अंगाचा बेत आपण करणे म्हणजे त्या अंगाविषयीचे ज्ञान आपल्या मालकीचे करणे होय. तोवर तिचे अंग हा इतरांच्या मतांचा विषय होता. आता तो तिच्या निरीक्षणाचा विषय होतो. ४८ हा आकडा तोच राहतो, पण निकाल म्हणून आलेला आकडा आता हिशेबातली एक राशी म्हणून उरतो. यालाच मी देहलब्धांगुलाकडे जाणे म्हणतो.

म्हणूनच 'आत्मविश्वास' हा शब्द येथे मला अपुरा वाटतो. बाजाराने तो इतका वापरला आहे की साबणापासून चपलांपर्यंत सर्व वस्तू आत्मविश्वास देतात. विकत मिळणारा हा विश्वास आरशासमोरचा असतो. तो प्रतिमेवर अवलंबून असतो आणि प्रतिमा बदलली की जातो. शिवणाऱ्या स्त्रीला जे लाभते त्यासाठी 'आत्मप्रत्यय' हा आपल्या समीक्षेला परिचित असलेला शब्द अधिक योग्य होय. 'मी सुंदर दिसते' असा निष्कर्ष त्यात असेल किंवा नसेलही. 'दोष कुठे आहे हे मला कळते' ही खात्री त्यात असते. आयरिस मॅरियन यंग हिने मर्लो-पाँतीच्या देहविचाराचा आधार घेऊन १९८० मध्ये एक मुद्दा मांडला होता. स्त्री आपला देह कृतीचे साधन म्हणून जगते आणि त्याच वेळी तो न्याहाळली जाणारी वस्तू म्हणूनही अनुभवते, त्यामुळे तिच्या हालचाली आखडतात, असा त्याचा आशय. काखेत काचणाऱ्या झंपरातली स्त्री हात वर करत नाही, हे त्याचे सर्वांत साधे उदाहरण. मुंढा नीट कापला की हात वर जातो. फळ्यावर लिहिता येते, बसच्या दांडीला धरता येते, डोक्यावरची पाटी उतरवता येते. सौंदर्याचा प्रश्न यानंतर येतो.

येथे दोन आक्षेप संभवतात, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की हे शिवणसुद्धा बहुधा लपवण्यासाठीच असते. उभ्या रेघांचे कापड घ्यावे, गडद रंग निवडावा, बाही कोपरापर्यंत ठेवावी, म्हणजे बारीक दिसता येते, हे सल्ले शिवण वर्गात दिले जातातच. मग बाहेरच्या नजरेची गुलामी स्वतःच्या हाताने टाचून घेण्याला स्वातंत्र्य कसे म्हणावे? या आक्षेपात तथ्य आहे. पण नजर ही निसर्गसिद्ध नसून घडवलेली असते, याचा पुरावा आपल्या रंगभूमीनेच दिला आहे. याच किनाऱ्यावरच्या दशावतारात पुरुषच स्त्रीची भूमिका करतो. साडीचोळीने आणि आविर्भावाने तो जो स्त्रीदेह उभा करतो, तो प्रेक्षक रात्रभर मान्य करतात. म्हणजे 'बांधा' हे वस्त्राचे निर्माण असू शकते, हे येथील प्रेक्षकाला ठाऊक आहे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने १९८० पासून या संकेताच्या सांध्यांवरच नेमके बोट ठेवून महाराष्ट्राला हसवले. त्याही आधी बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) साड्या, दागिने आणि नेसण्याची ढब प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी उचलली होती. उतारवयात त्यांचे शरीर स्थूल झाले, तरी त्यांच्या चाहत्यांनी त्यांना नायिका म्हणून पाहणे सोडले नाही, कारण ते माप पाहत नव्हते, आविर्भाव पाहत होते. पुरुषाच्या स्थूल देहात स्त्रीचे लावण्य पाहू शकणारी ही दृष्टी स्त्रीच्या स्थूल देहापाशी येताच मोजपट्टी बाहेर काढते. म्हणून प्रश्न सामर्थ्याचा नसून औदार्याचा आहे. शिवणारी स्त्री कधी लपवते, कधी उठाव देते, पण कोणत्या क्षणी काय करायचे हे तिला निवडता येते. निवड करण्याची शक्यता आणि निवडीची शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीशिवाय दुसरीची चर्चा व्यर्थ आहे.

दुसरा आक्षेप श्रमाचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. शिवणयंत्र हे मराठी प्रबोधनाचे स्त्रीला मिळालेले आवडते दान. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग होते. आजही जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण योजनांत शिलाई यंत्र ठरलेले असते. कथाकादंबऱ्यांतून यंत्रावर वाकलेली विधवा ही स्वावलंबनाची आणि सोशिकपणाची एकत्रित प्रतिमा होऊन बसली. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधींनी १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले, कारण सिंगरने ते पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी बनवले, ही कथा त्यांना भावली होती. या सर्व कथनांत स्त्री इतरांसाठी शिवते. तिने स्वतःच्या अंगासाठी बसावे, हे त्यांपैकी एकाही कथनाला सुचलेले नाही. रॉझिका पार्कर हिने १९८४ मध्ये 'द सबव्हर्सिव्ह स्टिच'मध्ये भरतकामाविषयी दाखवले की ज्या सुईने स्त्रीला स्त्रीपणाचे धडे दिले, तीच तिच्या प्रतिकाराचेही साधन झाली. शिवणालाही हे लागू पडते. मात्र त्यामुळे 'तुझ्या मापाचे मिळत नसेल तर तू शिव' असे म्हणून उत्पादकाला आणि दुकानदाराला मोकळे करता येणार नाही. ज्या स्त्रीला दिवसभराच्या कामानंतर यंत्रावर बसण्याचे त्राण नाही, तिलाही हात वर करता येईल असा झंपर मिळण्याचा हक्क आहे. शिवणाने मिळणारा आत्मप्रत्यय हा त्या हक्काचा पर्याय नव्हे. तो त्या हक्काची भाषा शिकवतो. मुंढा कसा असायला हवा हे जिला कळते, ती शिंप्याला आणि बाजाराला नेमका प्रश्न विचारू शकते.

शेवटी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. कपडा बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात, त्याला मराठीत 'माया' म्हणतात. वेदान्तात भ्रम आणि व्यवहारात जिव्हाळा असा अर्थ असलेला हा शब्द शिवणात येऊन 'पुढे लागेल म्हणून ठेवलेली जागा' असा अर्थ धारण करतो. तयार कपड्यात माया बेताचीच सोडलेली असते, कारण इंचाचा हिशेब हजारो नगांनी गुणला जातो. घरी शिवलेल्या झंपरात बाजूला इंच-दीड इंच माया असते. वर्षाने अंग भरले की शिवण उसवायची आणि थोडी बाहेर घ्यायची. देह बदलणार आहे, हे या राखून ठेवलेल्या कापडात गृहीत धरलेले आहे, आणि तेही कोणतीही तक्रार न करता. माणसाला मोजणाऱ्या सर्वच व्यवस्थांना, त्यात वाङ्मयाला निकष लावणारी आपली समीक्षाही आली, हा प्रश्न विचारता येईल की त्यांनी मापाच्या आत किती माया ठेवली आहे. मोजणे टाळता येणार नाही. पण उसवून पुन्हा शिवता येईल अशा रीतीने मोजता येते, आणि ही रीत भरल्या अंगाच्या शिवणाऱ्या स्त्रीला बहुधा आपल्या आधी अवगत झालेली आहे.